न दिलेली सुट्टी

मनालीने तनिषच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि त्याला गप्प बसायला खुणावलं. चौदा वर्षांचा घोडा, पण दुबईतल्या त्या छोट्याशा हॉलमध्ये त्याची कुरकुर सगळ्यांना ऐकू जात होती.

"मम्मा, व्हेन विल समथिंग हॅपन?"

पडद्यावर खरंच काही घडत नव्हतं. फिलिपिन्समधल्या खेड्यात नऊ वर्षांची मुलगी पायरीवर बसून आईच्या फोनची वाट बघत होती, बस्स. पण सिनेमा घरी कामाला असलेल्या लोर्नाच्या मुलीने, क्लॅरिसने स्वतःच्या लहानपणावर केलेला, आणि तनिषला लोर्नानेच तर लहानाचा मोठा केला. लोर्नासाठी म्हणून मनाली शारजाहून दीड तास ट्रॅफिकमध्ये रखडत आली होती.

फोन वाजला. पडद्यावरची आई म्हणाली, "या नाताळलाही नाही जमत, बाळा. मॅडम सुट्टी देत नाही."

मनालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्लॅरिस नऊ वर्षांची आणि तनिष दोन वर्षांचा होता त्याच नाताळात मनालीने स्वतः बिनपगारी रजा टाकून लोर्नाला महिनाभर घरी पाठवलं होतं. तिकीट काढलं, चॉकलेटचे डबे भरले, विमानतळावर सोडलं. लोर्ना परतली ती फिलिपिन्सच्या सुक्या आंब्याची पाकिटं घेऊन. तसली पाकिटं शारजातही मिळतात, हे तेव्हा कुठे सुचायला!

दिवे लागल्या लागल्या तिने शेजारच्या लोर्नाला हलक्या आवाजात विचारलं.

"त्या महिन्यात कुठे होतीस?"

लोर्नाने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"इथेच दुबईत, सतव्याला, मैत्रिणीच्या खोलीवर. विमानतळावरूनच परत फिरले. गेले असते तर तिला सोडून पुन्हा येववलं नसतं, मॅम."

"आणि खापर माझ्या डोक्यावर?"

"मग काय सांगू? आईच आली नाही म्हणून?" लोर्नाने तिचा हात धरला. "आज तिला सांगू नका. एकुलती एक आहे माझी."

घराची किल्ली, पोटचं पोर, सगळं डोळे मिटून हिच्या हवाली केलं, आणि ही बाई! मनालीला वाटलं, उठून सगळ्यांसमोर सांगून टाकावं. तेवढ्यात क्लॅरिस समोर येऊन उभी राहिली.

"तुम्हीच का त्या मॅडम?"

लोर्ना जमिनीकडे बघत होती. तनिष सवयीने तिच्या खांद्याला रेलून उभा होता. मनाली उठून उभी राहिली.

"हो. मीच नाही दिली सुट्टी. मुलगा लहान होता माझा."

क्लॅरिसच्या भुवया उंचावल्या.

"आश्चर्य आहे. मम्मा म्हणाली होती, तुम्ही साफ खोटं बोलाल. म्हणाल, सुट्टी दिली होती."