शेवटचं पान द्राक्षाच्या घडावर

मी एक कादंबरी बोलतेय. जरा हळू उघडा हं मला. कुणी फाडकन उघडलं की अजूनही माझ्या शिवणीत धस्स होतं. स्वभावच तसा, काय करणार!

माझा जन्म नाशिकच्या एका छापखान्यात झाला, नव्वदच्या आसपास. यंत्राच्या धडधडाटाला मी पहिल्यांदा दचकले, ती आजतागायत दचकतेच आहे. माझ्या मुखपृष्ठावर खिडकीचे गज धरून उभी असलेली बाई दिसते ना, ती सगुणा, माझी नायिका. सासरच्यांनी तिच्या चपला कुलपात ठेवल्यात, ती घराबाहेर पडू नये म्हणून. तिचं दुःख पोटात घेऊन मी जगात आले. मग मी भित्री नाही होणार तर काय!

मनमाडला रेल्वेतल्या एका कारकुनाच्या बायकोनं मला विकत घेतलं. ती मला गव्हाच्या डब्यात लपवायची आणि फोडणी देता देता वाचायची. हा हळदीचा डाग तिचाच. माणसं पुस्तकं चोरून वाचतात तेव्हा फार मन लावून वाचतात, हे मला तिथं कळलं. पुढे तिच्या नवऱ्याची बदली झाली, सामान बांधलं गेलं आणि मी रद्दीत पडले.

रद्दीच्या पोत्यातून मी पोचले ते थेट विंचूरजवळच्या एका द्राक्षबागेत. बागेत पुस्तकाचं काय काम, असं मलाही वाटलं. तर तिकडे घड उन्हानं डागाळू नयेत म्हणून त्यांना कागद गुंडाळतात. त्या वर्षी वर्तमानपत्रं कमी पडली होती. चिमणाबाई नावाच्या धिप्पाड बाईनं मला उचललं आणि मागून पानं उपटायला लागली. टर्र! टर्र! दोन पानं जोडायची, घडाभोवती धरायची, वर पिन मारायची. मी डोळे मिटून घेतले.

"मावशी, थांबा! ही गोष्ट हाय!" असं ओरडत एका तरुण मुलीनं मला हिसकावलं. ती मोहिनी. बारावी झालेली, नवी सून. शेवटचं प्रकरण तोवर वेलींवर लटकलं होतं, पण मी वाचले.

मग रोज दुपारी भाकरी सोडली की मांडवाच्या सावलीत मोहिनी मला मोठ्यानं वाची. मजुरणींची म्होरकी भागीबाई, चिमणाबाई, झुंबराबाई, सगळ्या चटणीची बोटं चाटत ऐकत. सगुणेच्या सासूला तर अशा शिव्या बसत की माझी पानं शहारत. शेवटी गोष्ट तिथं आली, जिथं सगुणा उंबऱ्यावर अनवाणी उभी आहे आणि दीर ओट्यावर राखणीला बसलाय. पुढचं पान नाही!

"चिमणे, कोणत्या घडाला लावलं गं?" भागीबाईनं विचारलं.

"मला काय ठावं? समदे घड सारखेच. तोडणीला कागद सुटंल तवा बघू."

"तवर ती बिचारी उभीच ऱ्हाणार का उंबऱ्यावर?"

झालं! जिला तिला कंठ फुटला. भागीबाई म्हणाली, "मी माझ्या चपला दिल्या असत्या तिला." झुंबराबाई म्हणाली, "सासूला मी बोलण्यात गुतवलं असतं. माझ्या तोंडातून कोण सुटलंय आजवर?" चिमणाबाईनं पदर खोचला. "आन् दिराला मी बघितलं असतं. माझी कोंबडी चोरली म्हणून असं भांडले असते, की त्याला सगुणा दिसलीच नसती!"

सगळ्या हसल्या. मोहिनी हसली नाही. तिनं मला मिटून मांडीवर ठेवलं.

"मला नाशकाच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला बोलावलंय," ती म्हणाली. "सोमवारी हजर व्हायचंय. ह्यांना चालतंय, पण मामंजी म्हणतात, घरची सून बाहेर ऱ्हायाची नाय. सकाळपासून ओट्यावरच बसतात. नाय गेले तर जागा दुसरीला जाईल."

भागीबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "मग असं सांग की बये! आम्ही इथं सगुणेच्या चपला हुडकतोय!"

सोमवारी मी भागीबाईच्या पिशवीत होते. शेवटची पानं सापडली की मला जोडायची, म्हणून मोहिनीनं मला तिच्याकडे ठेवलं होतं.

ओट्यावर बसलेल्या मोहिनीच्या सासऱ्यावर, झिपरूवर, चिमणाबाई तुटून पडली. "झिपरूभाऊ, माझी तांबडी कोंबडी कुठंय?"

"कोंची कोंबडी? डोकं फिरलं का तुझं?"

"माझं डोकं काढू नका, कोंबडी काढा!"

आत झुंबराबाईनं सासूला, आक्काबाईला, लोणच्याच्या मिठावरून घोळात घेतलं. मागच्या दारी भागीबाईनं आपल्या चपला पुढे केल्या.

"मावशी, माझ्या हायेत की पायात," मोहिनी कुजबुजली.

"असूदे. ठरलंय ते ठरलंय. ह्याच घाल."

तेवढ्यात मागून आक्काबाईचा आवाज आला. मी पिशवीत गारठले! पण ती म्हणाली, "जीप सुटंल, पळ आता. आन् झुंबरे, तुझं मीठ पुरे झालं. मला काय कळत नाय व्हय?" तिनं सुनेच्या हातात भाकरीचं गाठोडं ठेवलं.

जीपचा हॉर्न वाजला तेव्हा झिपरूला उमगलं. "सून कुठंय?"

"नाशकाला. मी धाडली," आक्काबाई दारात येऊन म्हणाली. तिच्या शेजारी झुंबराबाई, मागं भागीबाई, समोर चिमणाबाई. झिपरूनं सगळ्यांकडे बघितलं, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मग चहा तरी टाका कुणी."

तोडणीला माझी पानं सापडली, उन्हानं पिवळी, कडेला गोड चिकट. सुट्टीला पांढऱ्या कपड्यांत आलेल्या मोहिनीनं ती पिठाच्या खळीनं चिकटवली आणि शेवटची ओळ वाचली: 'सगुणा अनवाणीच निघाली, अगदी एकटी.'

"एकटी?" भागीबाई कडाडली. "आम्ही काय मेलो व्हतो का?"

मोहिनीनं निळं पेन काढलं. टोक कागदाला लागताच मी दचकले, पण खरं सांगू, पहिल्यांदाच बरं वाटलं. तिनं 'अनवाणीच' खोडलं, 'एकटी' खोडलं आणि लिहू लागली. चिमणाबाई तिच्या खांद्यावरून वाकून म्हणत होती, "कोंबडीचं पण लिव्ह गं!"

आता मी नाशकात असते, मोहिनीच्या होस्टेलमध्ये उशीपाशी. नव्या मुली घाबरत येतात, मला वाचायला मागून नेतात. माझं एवढंच मागणं आहे, कागद गुंडाळायचाच असेल तर वर्तमानपत्र घ्या. आणि माझ्या शेवटापर्यंत आलात की छापलेलं सोडून द्या, निळ्या शाईतलं वाचा. हं, आता मिटा मला. हळू.