कोपऱ्यावरच्या गड्याची पट्टी

मी एक पट्टी बोलतेय, आणि माझा जन्म एका नवसातून झाला आहे.

त्याआधी मी पट्टी नव्हते. भडगावच्या ताईबाईच्या हळदीच्या लुगड्याचा काठ होते. तिचा नवरा सुकदेव जळगावच्या एका जीनवाल्या शेठकडं कामाला होता. काम नावाला कापसाच्या गाठी बांधायचं. खरा पगार हुतूतू खेळण्याचा. शेठनं आपला संघ पोसला होता, जसे कोणी बैल पोसतात. एकदा मेहरूणच्या मैदानात धुळ्याच्या गिरणीचा अभिमन नावाचा गडी सुकदेवच्या पाटीत, म्हणजे त्यांच्या बाजूच्या मैदानात, शिरला आणि जाता जाता त्याच्या गुडघ्यावर अशी टाच घातली, की वाटी बाजूला सरकली. सुकदेवला बैलगाडीत आडवा घालून घरी आणला.

गुडघा सुजून कोहळ्याएवढा झाला. ताईबाई धुळ्याला एकविरेच्या देवळात गेली आणि बोलली, "माय, मना धनीना पाय शाबूत ठेव. खेळ सोडीसन तो सोताना पायवर घर येई, त्या दिन तुनी ओटी भरसू. तवपावत मी सबूत लुगडं नेसाव नही." एवढं बोलून तिनं लुगड्याचा काठ दातात धरला आणि ओढला. टर्रकन मी वेगळी झाले. हळद आणि तिळाचं तेल लावून तिनं मला सुकदेवच्या गुडघ्यावर बांधलं.

तेव्हापासून ताईबाई फाटक्या पदराची झाली. नवं लुगडं घेतलं, तरी नेसण्याआधी त्याचा काठ फाडायची. गिरणेवर धुणं धुताना बाया खिदळायच्या, "काय व ताईबाई, उंदीरसनी खादं का लुगडं?"

"उंदीर नही व बहीन," ती हसून म्हणायची, "मना नवसनी खादं."

सुकदेवचा पाय बरा झाला आणि माझं मैदान सुरू झालं. माझा मालक कोपऱ्यावर उभा राहायचा. हुतूतूत कोपऱ्यावरच्या गड्याला दोन कामं. समोरचा दम धरून आत शिरला, की पहिली उडी यानं मारायची, घोटा धरायचा आणि बाकीचे येऊन पडेपर्यंत लाथा खात पडून राहायचं. आणि आपल्या पाटीची पाळी आली, की स्वतः दम धरून समोरच्या कळपात घुसायचं. वाहवा बहुतेक वेळा दुसऱ्याची व्हायची, रक्त मात्र याचं असायचं. त्याची दोन बोटं वाकडी झाली, कान चेचून भजं झालं, एक बरगडी चुकीची जुळली. तरी तो म्हणायचा, "मी आडवा पडनू नही, तर मांगला बठ्ठा गडी मरतीन."

मी किती रक्त प्याले, सांगू नये. चाळीसगावला एकाचं नाक माझ्यावर फुटलं. बोदवडला लोकांनी पंचालाच बडवला. दगड सुरू झाले, आणि आमचा संघ रक्तबंबाळ डोक्यांनी स्टेशनाकडं पळत सुटला. त्या रात्री घरी ताईबाईनं मला सोडलं तर माझ्या घडीत कुणाचा तरी अख्खा दात रुतलेला.  दात काढून तिनं कडुलिंबाखाली पुरला आणि हात जोडले, "जेना व्हई, त्याले दुखाले नको."

माणसांचं मला एक नवल वाटतं. जे मैदानाबाहेर कोंबडं कापतानाही तोंड फिरवतात, ते मैदानाच्या कडेला बसले की ओरडतात, "मोड! मोड त्याला!" आणि घरी जाऊन जेवतातही नीट.

असे हंगामामागून हंगाम गेले. एका चैत्रात सुकदेव म्हणाला, "आते गुडघा बोलाले लागना. धुळाना हाऊ सामना खेळसू आनि सोडी दिसू." ताईबाईचा चेहरा असा फुलला, की काय सांगू! ती खण, नारळ, तांदूळ घेऊन त्याच्याबरोबर धुळ्याला आली. सामना संपला की दुसऱ्या दिवशी देवीची ओटी भरायची.

पांझरेच्या काठी मैदान आखलं होतं. समोर तोच अभिमन. उतरण्याआधी शेठचा मुनीम, गिरधरनाना, सुकदेवजवळ वाकला. "आज डाव गेला तरी चालेल. पण अभिमन उद्यापासून कुठल्या मैदानात दिसायला नको. शेठचा शब्द आहे."

"डाव जिंकी दिसू ना, नाना. पाय कसाले?"

"त्यानं तुझा काढला तेव्हा तुला विचारलं होतं?"

सुकदेवनं मला आणखी आवळून बांधलं. माझ्याखाली त्याचा गुडघा ताठ झाला, ते मला कळलं.

अभिमन हुतूतू हुतूतू करत आत शिरला. वाऱ्यासारखा गडी. एकाच्या तोंडावर पंजा, दुसऱ्याच्या पोटात लाथ, आणि तो परतायला वळला तोच सुकदेवनं घोटा पकडला. दोघं आपटले. वरून पाच जण कोसळले. धूळ, घाम, कोपरं, कुणाचे तरी दात कुणाच्या तरी दंडात. त्या ढिगाखाली अभिमनचा दम तुटला होता. तो बाद झाला होता. डाव तिथंच संपला होता.

सुकदेवनं तरीही घोटा सोडला नाही. त्यानं पाय उलटा पिरगळला आणि वरून आपला गुडघा रेटला. दोन गुडघ्यांच्या मध्ये मी होते. ऊस मोडावा तसा आवाज झाला, आणि तो माझ्यातून गेला. मग अभिमन ओरडला. जनावर ओरडतं तसा.

लोकांनी सुकदेवला खांद्यावर घेतलं. गुलाल उडाला. रात्री तो बिऱ्हाडी परतला तो स्वतःच्या पायांनी. ताईबाईनं त्याच्या पायांवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. ढिगाखाली काय झालं, हे तिला कोण सांगणार?

सकाळी तिनं मला धुऊन, घडी करून ओटीच्या ताटात ठेवलं. देवळाच्या पायरीवर एक बाई कपाळ आपटत बसली होती. "माय, उभा ऱ्हावू दे त्याले. नुसता उभा ऱ्हावू दे!"

ताईबाई तिच्याजवळ टेकली. "काय झायं व बहीन?"

"मना मालकना पाय मोडा. गुडघाम्हाईन हाड बाहेर उनं. बाद व्हई गयथा तो, तरी मोडा त्या जळगावना राक्षसनी!"

ताईबाईनं ताट पायरीवर ठेवलं. दुसरी कुणी असती, तर उठून गेली असती. ती म्हणाली, "तो मना धनी शे." आणि ताटातून मला उचलून तिच्यापुढं धरलं. "ही नवसनी पट्टी शे. त्याले बांध."

त्या बाईनं फाडकन तिच्या मुस्काटात मारली. "तुना नवरानी मोडा, आनि तू पट्टी लई उनी?" मला हिसकावून तिनं पायऱ्यांवर फेकलं.

ताईबाईनं गालावर हात ठेवला नाही. मला उचललं आणि गाभाऱ्यापुढं उभी राहिली. "माय, मी आपलाच पाय मांगा. समोरना पाय कोना शे, इचारं बी नही. आते ओटी भराव नही. तो काठीशिवाय तुनी पायरी चढी, तवय भरसू."

खण-नारळ परत आलेला पाहून सुकदेव चकित झाला. "नवस फिटना ना? मी उभा शे की!"

"तो उभा नही," ती म्हणाली. "तुम्ही त्याना पाय मोडा. तो बाद व्हई गयथा, तरी."

सुकदेव भिंतीकडं तोंड करून बसला. संध्याकाळी मुनीम बक्षिसाचा फेटा घेऊन आला. सुकदेवनं त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि शेठचं कामही त्याच दारात सुटलं.

दोघं धुळ्यातच राहिले. सुकदेव सरकीची पोती वाहू लागला. दर बाजारच्या दिवशी तो अभिमनच्या दारी जायचा. त्याला पाठीवर घेऊन हाडवैद्याकडं न्यायला. पहिल्यांदा अभिमन त्याच्या तोंडावर थुंकला. सुकदेवनं तोंड पुसलं आणि पाठ वाकवून तसाच बसून राहिला. किती वेळ बसला असेल! शेवटी अभिमनच वैतागून म्हणाला, "चल रे राक्षस. ऊन चढनं."

त्या बाईचं नाव भागाबाई. पुढच्या हिवाळ्यात, हाड जुळून आल्यावर, तीच ताईबाईला म्हणाली, "ती पट्टी शे का व? थंडीम्हा त्याना गुडघा आखडी जास." ताईबाईनं मला कनवटीतून काढलं. भागाबाईनं स्वतःच्या हातानं बांधलं.

आता मी अभिमनच्या गुडघ्यावर असते. विरून जाळी झाले आहे. यंदा गावात स्वराज्याचे झेंडे लागले, त्या आठवड्यात अभिमन भिंत सोडून उंबऱ्यापर्यंत चालला. मागं सुकदेव, दोन्ही हात पुढं करून, पुन्हा कोपऱ्यावर उभा राहिल्यासारखा. पण या वेळी धरायला नाही, सावरायला. काल काठी टेकत अभिमन पांझरेच्या काठापर्यंत गेला. "दख व, तुनं लुगडं आते सबूत व्हनार!" भागाबाई ओरडली. ताईबाई अजून फाटक्या पदरानंच देवळात जाते. तिला घाई नाही. देवीलाही नसावी.

बायांनो, माझ्यात आता फार धागे उरले नाहीत, म्हणून एवढं मागते. तुमच्या घरातून कुणी झुंजायला निघेल, मैदानात निघेल नाहीतर कोर्टकचेरीत, नाहीतर बांधावरून भावाशीच. तेव्हा नवस जरूर बोला. देवी ऐकते. पण ताईबाईसारखा दुसरा नवसही लगेच बोला, समोरच्याच्या नावाचा. आणि त्याचं नाव ठाऊक नसलं, तर नारळ फोडण्याआधी त्याच्या बायकोला जाऊन विचारा.