दोन काठांना बांधलेला डोंगा

मी एक जुना डोंगा आहे, मित्रांनो. एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली लांबट, अरुंद होडी म्हणजे डोंगा. मला शीड नाही, वल्ही नाहीत. मागे उभ्या राहिलेल्या माणसाने बांबू तळाला टेकवून रेटा दिला की मी चालतो. मूल आणि पोंभुर्णा या दोन गावांच्या मधल्या धानाच्या मुलखात एक मोठा तलाव आहे. माझे आयुष्य त्याच तलावात गेले.

त्याआधी मी बापूजींच्या धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे आंब्याचे झाड होतो. एका वादळात मुळासकट आडवा झालो. लोक म्हणाले, फाडा आणि चुलीत घाला. पण बापूजी मासेमार माणूस. त्यांनी लच्छू वाढईला, म्हणजे सुताराला बोलावले. लच्छूने वाकसाने ताशीत ताशीत वीस दिवस माझे पोट कोरले आणि अंगभर डांबर फासले. मला पाण्यात सोडताना बापूजींच्या बायकोने, भागीरथाबाईने, हळदकुंकू लावले आणि कानात सांगावे तशी हळूच म्हणाली, "माह्या माणसाले पाण्यात एकटं सोडजो नोको."

मी सोडले नाही. पावसाळ्यात मासोळीचे बीज, दिवाळीच्या सुमारास शिंगाडे, उन्हाळ्यात जाळी, असे सगळे मी वाहिले. एका वर्षी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटायला आली, तेव्हा दिवसभर मातीची पोती नेली. गावाने माझ्यापुढे नारळ फोडला. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही.

बापूजींचे दोन्ही मुलगे माझ्या कडेला धरूनच पोहायला शिकले. थोरला अमर नेमका. जाळे वाळवायचे तर त्याची घडीसुद्धा सरळ. धाकटा अजय हसरा आणि विसरभोळा. अमरची बायको दामिनी, अजयची मंजुषा. सहा माणसे एका चुलीवर जेवत होती.

मग एका वैशाखात अजयने मला पाण्याबाहेर ओढले आणि विसरून गेला. तीन दिवसांच्या उन्हात माझ्या डाव्या कुशीला वीतभर चीर पडली. अमर चिडला. अजय म्हणाला, "मी नाई ठेवला." शब्दाला शब्द लागला. बायकांनी आपापल्या नवऱ्याची बाजू घेतली. महिन्याभरात अंगणात कुडाची भिंत उभी राहिली, चुली दोन झाल्या आणि भाऊ भावाशी, जाऊ जावेशी बोलेनाशी झाली. मित्रांनो, माझ्यावरून घर फुटले. त्या चिरेपेक्षा ते जास्त दुखले. अमरने चीर चिंध्या कोंबून बुजवली, पण ती पाझरतच राहिली.

दोन वर्षे अशीच गेली. मग कोरोना नावाचा आजार आला आणि सारा देश बंद झाला.

आमच्या गावाने रस्त्यावर बोरीचे काटे टाकले. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. मूलचा बाजार बंद पडला. अमर पहाटेच मासोळ्या गावातल्या दारोदारी ठेवून येई आणि बदल्यात कुणी तांदूळ, कुणी लाखोळीची डाळ देत असे. घरात जागा अपुरी आणि गावात उगाच फिरायची मुभा नाही, म्हणून भांडायलासुद्धा सगळे माझ्याजवळ पाळीवर येत. बापूजींना चौकात बसायची सवय. अमर त्यांना अडवायचा, कारण त्यांना दम्याचा त्रास होता.

"तुमाले काई झालं तं कोन नेईन दवाखान्यात? घरी बसा ना बाबा."

"घरी बसूनच मरून राह्यलो मी," बापूजी म्हणत आणि माझ्या टोकावर बसून पाण्याकडे बघत राहत.

अजय आणि मंजुषा तेव्हा गावात नव्हते. आमच्या भागातली पुष्कळ माणसे उन्हाळ्याच्या तोंडावर तेलंगणात मिरची तोडायला जातात, तशी ती दोघे गेली होती. गाड्या बंद झाल्या. आठ दिवस जंगलातून चालत, पायांना फोड आलेले, मिरचीचे एक गाठोडे डोक्यावर, अशी ती एका दुपारी काट्यांपाशी येऊन उभी राहिली.

गावाने त्यांना आत घेतले नाही. शाळेत आधीच अकरा माणसे ठेवली होती. शेवटी बापूजींनी तोड काढली. तलावाच्या पल्याड, जंगलाच्या बाजूला, शिंगाड्याची राखण करायची आमची झोपडी होती. चौदा दिवस त्यांनी तिथे राहावे असे ठरले. ती दोघे जंगलातूनच वळसा घालून तिकडे गेली.

तो वळसा फार लांबचा. आता रोज जेवण कसे पोचवायचे? भागीरथाबाई डबा घेऊन थेट माझ्यात येऊन बसली. अमरने माझी कड घट्ट धरली.

"आई, उतर. तू तिथी जाशीन, आजार घेऊन येशीन, आन् बाबा मरतीन."

"माहं लेकरू आठ दिवस पायी आलं. त्याच्यापुढं काय काठीनं भाकर ढकलू?"

"मी काऊन नाई म्हणून राह्यलो ते समजून घे ना!"

"तुले तं चिरेचा राग आहे अजून. मले सगळं समजते," ती म्हणाली. अमरचा चेहरा पडला. पण त्याने हात काढला नाही. मला दोघांचेही खरे वाटत होते आणि मी कुणाचीच बाजू घेऊ शकत नव्हतो.

तेव्हा दामिनी पुढे आली. ती कमी बोलणारी बाई. जाळ्यांचे जुने दोर तिने खांद्यावर टाकून आणले होते.

"एक दोर याच्या पुढच्या टोकाले बांधा, एक मागच्या टोकाले," ती म्हणाली. "डबा आत ठेवायचा. ते तिकडून ओढतीन, आपण इकडून. माणूस कोनीच नाई बसायचा."

"डोंगा काय माणसाबिगर चालते का?" अमर कुरकुरला. पण तिने मारलेली गाठ त्याला ढिली वाटली. त्याने ती सोडली आणि स्वतः पुन्हा बांधली.

चैत्रात पाणी आटलेले असते. दोन काठांमधले अंतर शंभरेक हात. अमरने दोराचे टोक एका ओंडक्याला बांधून पाण्यात ढकलले आणि अजयने पोहत येऊन ते तिकडे नेले. त्याने तिकडून ओढले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एकटा निघालो. पोटात फक्त भात, मासोळीचा रस्सा आणि भागीरथाबाईने दुप्पट घातलेले लोणचे. सुरुवातीला मला भीती वाटली. पण पल्याड अजयने डबा उघडला आणि तिथेच मातीत बसून जेवायला लागला, तेव्हा मला नारळ फोडला होता त्या दिवशी वाटले नव्हते इतके मोठे वाटले.

रोज दोन खेपा होऊ लागल्या. परत आलेला डबा दामिनी राखेने घासून उन्हात ठेवी. पहिल्याच दिवशी मंजुषाने माझ्यात मिरचीची पिशवी ठेवून पाठवली. तोडणीची मजुरी तिला मिरचीतच मिळाली होती. अमर म्हणाला, हात लावू नका. भागीरथाबाई म्हणाली, लेकराने पाठवले ते काय फेकू? दोघे पुन्हा भांडले. शेवटी पिशवी चार दिवस पाळीवर उन्हात राहिली आणि पाचव्या दिवशी अमरनेच ती उचलून घरी नेली.

त्याच संध्याकाळी पाण्यावरून आवाज आला. "बाई, एक सांगू का?" मंजुषा होती. दोन वर्षांत ती दामिनीशी पहिल्यांदा बोलत होती.

दामिनीने हातातला डबा खाली ठेवला. मग ओरडली, "सांग ना."

"रस्स्यात मिरची नोको टाकू वं. दोन महिने तोडून तोडून मले तिचा वासच सहन नाई होत. हात अजून जळून राह्यले माहे."

"आधी काऊन नाई सांगितलं मग?"

"तू बोलून कुठी राह्यली होती?"

दामिनीला हसू आले. पल्याड मंजुषाही हसली असावी. दुसऱ्या दिवसापासून डब्यात फिके वरण आणि हातांना लावायला खोबरेल तेलाची बाटली जाऊ लागली.

आठव्या दिवशी सकाळी अजयचा वेगळाच आवाज आला. "भाऊ! मंजुषा थंडीनं कापून राह्यली. अंग भट्टीवानी तापलं आहे!"

अमर पाळीवर उभा राहिला. ज्याची भीती होती तेच आले, असे त्याच्या तोंडावर दिसत होते. दामिनी धावत जाऊन माधवीताईंना घेऊन आली. माधवीताई गावातल्या आशाताई. घरोघरी ताप तपासत फिरायच्या. त्यांनी फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. पण पल्याड गाडी जायला रस्ताच नव्हता. गाडी पाळीपर्यंत येणार होती.

"डोंग्यात बसवा तिले," माधवीताई ओरडल्या. "इकडून ओढतो आमी."

अजयने मंजुषाला उचलून माझ्यात निजवले आणि तिचे डोके मांडीवर घेऊन बसला. मित्रांनो, मी तेव्हा फार घाबरलो होतो. माझी डावी कूस मला माहीत होती. डब्याच्या वजनाला ती पाझरत नव्हती, पण दोन माणसांच्या ओझ्याने मी खोल बसलो आणि चिरेत कोंबलेल्या चिंध्या सुटल्या. पाणी आत येऊ लागले. निम्म्या वाटेवर मी शिंगाड्याच्या जुन्या वेलींत अडकलो. पाळीवरून सगळ्यांनी जोर लावला आणि जुना दोर तुटला.

बांबू पाळीवरच पडला होता. अजय रिकाम्या डब्याने पाणी उपसत होता, पण एका हाताने. दुसऱ्या हाताने त्याने मंजुषाला धरले होते. ती शुद्धीत नव्हती. माझ्या कडा पाण्याला टेकायला आल्या.

अमरने इकडेतिकडे पाहिलेही नाही. बांबू घेतला आणि पाण्यात उडी टाकली. जो माणूस चार दिवस मिरचीच्या पिशवीला हात लावू देत नव्हता, तो वेली तोडत पोहत आला आणि त्याने माझी कड धरली. लहानपणी धरायचा तशीच.

"भाऊ, जवळ नोको येऊ. बाबाले दमा आहे," अजय रडत म्हणाला.

"चूप बस आन् पाणी उपस!"

तो मागे चढला. मी आणखी खाली गेलो, पण बुडलो नाही. सगळी ताकद एकवटून मी तरंगत राहिलो. अमरने बांबू रेटला. एक, दोन, दहा रेटे. माझे नाक पाळीच्या चिखलात रुतले, तेव्हा गाडी येऊन उभी होती आणि पांढरे पायघोळ पोशाख घातलेली दोन माणसे धावत खाली येत होती. त्यांनी मंजुषाला उचलून नेले. अजयला त्यांनी सोबत घेतले नाही.

अमर पाण्यात उतरला, पण पाळीवर आला नाही. भागीरथाबाई त्याच्याकडे निघाली तसा तो मागे सरला. "जवळ नोको येऊ, आई. आता मलेबी चौदा दिवस तिकडंच राहावं लागन." बाईने पदर तोंडात धरला. दामिनीने त्याचे कपडे आणि चादर आणून चिखलात ठेवली आणि दहा पावले मागे जाऊन उभी राहिली.

अशा रीतीने दोन वर्षे न बोललेले दोन भाऊ एका झोपडीत राहायला गेले. जाताना अमरने माझ्या चिरेत पुन्हा चिंध्या कोंबल्या, दामिनीने दोराला नवी गाठ मारली आणि डब्याच्या खेपा चालू राहिल्या. तिसऱ्या दिवशी माधवीताईंनी पाळीवरून ओरडून सांगितले, मंजुषाला कोरोना नव्हता. हिवताप होता, जंगलातून चालताना डास चावले असतील. ताप उतरत होता. गावाचा चौदा दिवसांचा नियम मात्र दोघा भावांना सुटला नाही. ते ऐकून अजय खाली बसला. अमरने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

मला वाटले, आता सगळे गोड होईल. तसे झाले नाही. ते डब्यातला भात कमी पडला म्हणून भांडले, चटई कुठे टाकायची म्हणून भांडले. एकदा दिवसभर दोघांनी पाठ करून जेवण केले. पण दुसऱ्या दिवशी अमरने मला काठावर घेऊन पालथे घातले आणि दोघे माझी चीर बुजवायला बसले. अमर राळ वितळवत होता, अजय चिंध्या दाबत होता. अचानक अजय म्हणाला,

"भाऊ, उनात मीच ठेवला होता याले."

"माहीत आहे मले."

"मग दोन वर्षं काऊन नाई बोलला?"

"तू कबूल करशीन म्हणून वाट पाहून राह्यलो होतो." अमरने राळेचे भांडे खाली ठेवले. "लयच वाट पाह्यली."

दवाखान्यात नेल्यापासून सहा दिवसांनी मंजुषा परतली; तिचे चौदा दिवस तिथेच भरले होते. दामिनीने आपली आतली खोली रिकामी करून तिला तिथे निजवले. अजयचे चौदा दिवस अमरच्या आधी संपले. पण तो घरी गेला नाही. "भाऊ एकटा कसा जेवन?" एवढेच म्हणाला आणि अमरसोबत शेवटपर्यंत राहिला.

पुढे आजार ओसरला. गावाच्या मासेमार सोसायटीने नवी फायबरची बोट आणली. मी आता त्यांच्या अंगणात पडून असतो, माझ्यात कुणी बसत नाही. पहिले दोन उन्हाळे मला डांबर मिळाले, मग मिळाले नाही. बुडाकडून वाळवी लागली आहे. मी तक्रार करत नाही, मित्रांनो, पण एवढे सांगतो: ज्याने तुम्हाला वाहून नेले, त्याला उन्हात विसरू नका. वर्षातून एकदा थोडे डांबर फासा. लाकूड तेवढ्यावर पुष्कळ दिवस जगते.

आणि आणखी एक. त्या घरात चुली आजही दोन आहेत. परवाच दोघे भाऊ नव्या बोटीच्या फेऱ्यांवरून जोरात भांडले. त्याच संध्याकाळी मंजुषा कुडाच्या भिंतीवरून झिंग्यांची वाटी दामिनीला देताना मी पाहिली. म्हणून म्हणतो, तुमच्याही घरात भांडणे होतील, विशेषतः दारे बंद असतील तेव्हा. होऊ द्या. पण पल्याडच्या माणसाचे जेवण अडवू नका. राग निवायला वेळ लागतो, मित्रांनो. भात मात्र लवकर निवतो.