आजीचा थेंब

मित्रांनो, मी एक जुनी टाइल आहे. तुम्ही चपला घालून जिच्यावर फिरता, तसली नव्हे. मी चिनी मातीची, तळहाताएवढी, पांढरीशुभ्र, आणि माझ्या अंगावर ओळीने गोल खळगे आहेत. भट्टीतून काढल्यावर कारागिराने मला उजेडात धरून ‘निर्दोष’ म्हटले होते. त्यानंतर मी बरीच माणसे पाहिली, पण हा शब्द वापरावा असा प्रसंग फारसा आला नाही.

माझा जन्म रक्तपेढीत खर्ची पडला. माझ्या दोन खळग्यांत रक्ताचा एकेक थेंब पडे. एकात निळे औषध, दुसऱ्यात पिवळे. लॅबवाल्या बाई काडीने ढवळून मला हलकेच झुलवत. निळ्यात गुठळ्या झाल्या तर गट ए, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी, आणि कुठेच नाही तर ओ. बाई म्हणत, “ही टाइल कधी फसवत नाही.” एवढी एकच स्तुती मला मिळाली आणि ती खरी होती. बाकी “आमच्या घराण्यात सगळे बी!” असे छाती फुगवून सांगणारे शेकड्याने आले. जणू गट यांनी कष्ट करून कमावला होता.

त्यातला सर्वांत मोठा शहाणा म्हणजे एक बुटांचा दुकानदार. त्याची मुलगी जिन्यावरून पडली होती, पोटात रक्तस्राव होत होता. बायको आणि आई यांना मागे घेऊन तो धाडकन आत शिरला आणि बाह्या सरसावल्या.

“माझी पोर आहे. तिला माझंच रक्त द्या. परक्याचं नको!”

बाईंनी नवरा-बायकोचे आणि वरून आलेल्या मुलीच्या रक्ताचे थेंब माझ्यावर घेतले. बाप बी, आई ए आणि मुलगी ओ. पेढीत ओ रक्ताची पिशवी होती. बाईंनी ती जुळवून ताबडतोब शस्त्रक्रियेला पाठवली आणि त्याला म्हणाल्या, “तुमचं रक्त तिला चालणार नाही. आईचंही नाही.”

पोरीला रक्त मिळाले, हे ऐकून कुणाचाही जीव भांड्यात पडला असता. याचे डोके मात्र भलतीकडेच धावले. तो बायकोकडे वळला.

“मी बी, तू ए. मग ही कोणाची?”

मित्रांनो, वरच्या मजल्यावर पोर टेबलावर होती आणि हा गृहस्थ खाली हिशेब मागत होता! त्याची आईही लगेच सरसावली. “मला तेव्हाच वाटलं होतं. नाक आपल्यातलं नाहीच.”

बायको वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहत राहिली.

“आजी, तुमचंही बोट द्या,” बाई म्हणाल्या. म्हातारीने ते ऐटीत पुढे केले. तिच्या थेंबाला निळ्यात गुठळी आली नाही आणि पिवळ्यातही नाही.

“आजी ओ,” बाई म्हणाल्या. “मुलाला निम्मा वाटा आईकडून येतो, निम्मा बापाकडून. आजींकडे ओशिवाय काही नाही, म्हणजे लेकाला त्यांनी ओच दिला. बी आला वडिलांकडून. बी असला की ओ झाकला जातो, पण जात नाही. तुम्ही मुलीला तोच झाकलेला ओ दिलात. तुमच्या बायकोच्या ‘ए’मागेही तसाच ओ असणार. दोन ओ मिळाले, पोरगी ओ झाली. यात शंका घ्यायला जागा कुठे आहे?”

दुकानदाराने बाह्या खाली केल्या. “चला, मिटलं मग,” असे तो बायकोला म्हणाला. लाज अशी नाहीच.

“तुमचं मिटलं,” ती म्हणाली. “माझं नाही.” आणि एकटीच जिना चढून गेली.

पोरगी वाचली. घरी जाण्याआधी ती आईचा हात धरून बाईंचे आभार मानायला आली. बाप दाराबाहेर उभा होता. त्याला आत ये असे कोणी म्हटले नाही.

आता गट तपासायला यंत्र आले आहे आणि माझ्यावर चहाचा कप ठेवतात. पुसत नाहीत. आत्मवृत्ताच्या शेवटी ‘माझी काळजी घ्या’ असे विनवण्याची रीत आहे, पण तुम्हाला स्वतःच्या माणसांची घेता येत नाही, तिथे माझी काय घेणार? विनवणी करायचीच तर एकच करते. कधीतरी रक्त देऊन या. त्या पोरीनेही निघताना विचारले होते, “मला कोणाचं रक्त दिलं?”

“ठाऊक नाही, बाळ,” बाई म्हणाल्या. “कोणीतरी येऊन देऊन गेलं. कोणाच्या मुलीला देणार, असं त्यानं विचारलं नव्हतं.”