हात पडायच्या आधी

मंडळींनी तिचं नाव कात्री ठेवलं होतं. थोडं शिवणकामामुळे, जास्त जिभेमुळे. वस्तीच्या गायनवृंदाबद्दल तिचं मत साफ होतं: गळ्यापेक्षा नाक मोठं असलेल्या लोकांचा मेळावा. तरी ती जायची, कारण तिचा दादा जायचा.

रोगाच्या साथीत वहिनी गेली आणि दादाची वाचाच बसली. 'हं' आणि 'नको', एवढंच उरलं. त्यात सरावाच्या सभागृहाला कुलूप लागलं, कारण गाण्याने रोग पसरतो. सराव मोबाइलच्या पडद्यावर सुरू झाला, पण दादाने ना कॅमेरा उघडला ना माइक. सगळ्यांच्या चेहऱ्यांमध्ये त्याचा तेवढा काळा चौकोन. सभागृह उघडलं नाही तर हा असाच विझणार, या भीतीने कात्रीला झोप लागेना.

बाकीच्यांना मात्र ऊत आला होता. गाणं बसवणारे गुरुजी एकेकाचा माइक उघडून तपासायचे. इंटरनेटवरून आवाज त्यांच्यापर्यंत उशिरा पोचायचा आणि ते भडकायचे. मग सगळे शहाणे झाले, गुरुजींचा इशाऱ्याचा हात खाली पडायच्या आधीच सुरू करू लागले. गुरुजी खूश. समोरासमोर गाताना या सवयीचं काय होईल, हा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर शपथ.

वृंदाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनी सभागृह उघडायच्या परवानगीसाठी अर्जांचा सपाटा लावला. व्यायामशाळा उघडल्या, हॉटेलं उघडली, मग गाण्यानेच काय घोडं मारलंय, हा सवाल रास्त होता. प्रत्येक अर्जाला स्वतःचा हसरा फोटो कशाला, हे कात्रीला कळत नव्हतं.

शेवटी आरोग्य अधिकारी बाईंनी कळवलं, मास्क लावून, लांब लांब उभं राहून कचेरीच्या आवारात गाऊन दाखवा, मग बघू.

त्या दिवशी आवारात गुरुजींचा हात अजून वरच होता आणि सगळे सुटले. सर्वांत आधी कात्रीच. जो तो आपल्या अंदाजाने पुढे पळाला आणि दोन ओळींत गाण्याचा विचका झाला. एकेक जण वरमून गप्प बसला. एकटा दादा हाताबरोबर सुरू झाला होता; माइक कधी उघडलाच नव्हता, त्यामुळे ही खोड त्याला लागली नव्हती. तो खालच्या पट्टीत शेवटपर्यंत गायला.

बाई हसू दाबत म्हणाल्या, हे गृहस्थ छान गातात, पण घरी एकट्याने गायला बंदी कधीच नव्हती.

अध्यक्ष घसा खाकरून भाषणाला सरसावले.

"तुम्ही गप्प बसा," कात्री म्हणाली. दादाचा मास्क बोलण्यासाठी हललेला तिने पाहिला होता.

"माझी ओळ खालची," दादा बाईंना म्हणाला. "वरची बायको म्हणायची. घरी एकट्याने म्हटली की नुसतं कण्हल्यासारखं होतं. इथे निदान वर कोणीतरी असतं."

बाईंनी अर्जावर सही केली. मग म्हणाल्या, शनिवारपासून आवारात गा, सभागृहाचं पुढे बघू. अध्यक्षांनी लगेच फोटोसाठी मास्क खाली ओढला.

घरी जाताना दादा आपणहून बोलला. "तू फार लवकर घुसलीस. गाढवासारखी."

दुसऱ्या कोणाला कात्रीने फाडून खाल्लं असतं. ती रडत रडत म्हणाली, "आणखी काय काय चुकलं, सांग."

तो वाटभर सांगत राहिला.