कोणाच्या दारात ठेवायचे मला?

मी एक जुने लोखंडी पिंप आहे. मित्रांनो, माझ्या फार जवळ येऊ नका. लांब बसून ऐका. माझा आवाज तसा घुमतो.

एका शेडमध्ये सपाट पत्रा वाकवून, शिवण जोडून, तळ ठोकून मला गोल केले. कारागिराने शेवटी माझ्या पोटावर थाप मारली आणि तो म्हणाला, "हां, आता बोलतंय!" ती माझी पहिली शाबासकी.

मग मी कापड रंगवण्याच्या कारखान्यात गेले. माझ्या पोटात रंग होता. गरम पाण्यात तो मिसळला की वाफ छतापर्यंत जाई आणि त्या धुक्यात मला गुंगी येई. माझा रंग शाळेच्या गणवेशांवर गेला, पडद्यांवर गेला, तान्ह्या बाळांच्या दुपट्यांवर गेला. संध्याकाळी ओली कापडे दोऱ्यांवर हलत, तेव्हा वाटे, मीच थोडे थोडे होऊन वाऱ्यावर तरंगत आहे.

रंग संपला. मग हौदांच्या तळाचा दाट, उग्र, विषारी गाळ माझ्यात ओतला. झाकण घट्ट आवळले आणि पोटावर कवटीचे चित्र चिकटवले. कालपर्यंत मला टेकून डबा खाणारे कामगार वळसा घालून जाऊ लागले. त्यांचे चुकले नाही. पण वाईट वाटलेच. त्या गाळाच्या भाराने मला सतत पेंग येई. अर्धवट झोपेत वाटे, मी पाण्याखाली आहे आणि वरून माणसांच्या सावल्या मासोळ्यांसारख्या सरकत आहेत.

आवारात माझ्यासारखी पिंपे वाढत गेली. उघड्यावर आम्हाला गंज चढू लागला. आमच्यासाठी पक्के कोठार हवे, हे सगळ्यांना पटले. पण ते बांधायचे कुठे?

गावाच्या एका टोकाला टेकडी होती. तिथे बंगले आणि बागा. दुसऱ्या टोकाला नदीकाठची दाट वस्ती. गावाचा उकिरडा तिथेच, दवाखान्यांचा कचरा जाळणारी भट्टीही तिथेच. त्या वस्तीत कपड्यांना इस्त्री करणारी एक बाई राहत होती. तिला सगळे मावशी म्हणत. "ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांच्यासमोर बोला," असा हट्ट धरून तिने बैठक आमच्या आवारात घ्यायला लावली. आमच्यासमोर खुर्च्या मांडल्या गेल्या आणि मी खडबडून जागे झाले.

नगरपालिकेच्या साहेबांनी नकाशावर नदीकाठी बोट ठेवले. "तिथे तसाही कचरा आहेच. शिवाय तिकडून तक्रारी येत नाहीत."

"येत नाहीत, की तुम्ही घेत नाही?" मावशीने विचारले.

टेकडीवरचे दातांचे डॉक्टर घाईने म्हणाले, "आमच्याकडे लहान मुलं आहेत हो!"

"आणि आमच्याकडची काय मोठी होऊनच जन्माला येतात?"

लोक हसले. मावशी हसली नाही. "माझी नात खोकायला लागली की मी खिडकी लावते. भट्टीचा धूर फटीतून आत येतोच. या रंगाचे कपडे साऱ्या गावाने घातले. मीच इस्त्री केलेत की! मग मागे उरलेलं विष आम्ही एकट्यांनीच का पोटात घालायचं? पिंपं कुठेतरी ठेवावीच लागणार, ते कळतं मला. पण दर वेळी आमच्याच दारात?"

मग नगराध्यक्ष बाई उठल्या. "ज्यांच्या डोक्यावर आधीच असं ओझं आहे, त्यांना यातून वगळायचं. बाकीच्या सगळ्या जागा एकाच मापाने तपासायच्या. जमीन, पाणी, घरांचं अंतर. टेकडीसुद्धा."

डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की जणू त्यांचाच दात कोणी सुई न देता उपटला.

तपासणीत टेकडीच्या पायथ्याची खडकाळ जागा सर्वांत सुरक्षित ठरली. ती डॉक्टरांच्याच रस्त्यावर होती. ते इतके चिडले की त्यांनी इस्त्रीचे कपडे दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. पण तिथे बांधलेल्या नव्या कोठारात आम्हाला उतरवले त्या दिवशी ते कोठाराच्या दारात उभे होते. बराच वेळ घुटमळून ते बघायला आलेल्या मावशीला म्हणाले, "कोठारावर लक्ष ठेवायला माणसं हवीत. मला एकट्याला नाही जमायचं. तुम्ही याल?"

"येईन. पण मग आमच्या भट्टीबद्दल बैठक होईल, तिला तुम्हीही यायचं."

आता मी छपराखाली, कोरड्या फरशीवर झोपते. झरोक्यातून ऊन येते, धुळीचे कण त्यात सावकाश फिरतात. दाराला दोन कुलपे आहेत. एकाची किल्ली मावशीकडे, दुसऱ्याची डॉक्टरांकडे. दोघे मिळूनच आत येतात. डॉक्टर प्रत्येक पिंप न्याहाळतात आणि सवयीने म्हणतात, "कीड नाही." मावशी म्हणते, "मग चूळ भरायला सांगा!"

भट्टी मात्र अजून धुमसते आहे. परवा ते दोघे इथूनच तिच्या बैठकीला निघाले. डॉक्टरांनी विचारले, "तिकडे धूर फार असतो का हो?"

"चला ना, श्वास घेऊन बघा," मावशी म्हणाली.

मित्रांनो, मला चोरून कुठे फेकू नका. नकोशा वस्तूलाही जागा लागतेच. पण ती ठरवायला बसाल, तेव्हा जो तिथे श्वास घेणार आहे, त्याला आधी खुर्ची द्या.