मार्च महिन्याचा हात

“दोन डोळे ठेव बाई, तिसऱ्याचा लोभ नको,
वेल रडेल महिनाभर, पाण्याला दोष नको.”

बापाचा तो आवाज रिशिल्दच्या कानात अजून होता. उतारावरच्या द्राक्षमळ्यात तो पुढे छाटत जायचा, सात वर्षांची रिशिल्द मागून काड्या वेचायची, आणि आसपास कोणी नाही असं पाहून तो आपली वाकडी कोयती हळूच तिच्या मुठीत द्यायचा. वेलीचे डोळे, म्हणजे काडीवरचे न फुटलेले कोंब, मोजायला तिला त्यानंच शिकवलं. त्याला मुलगा नव्हता. पण मठाच्या मळ्यांत कोयती पुरुषाची आणि काड्यांची मोळी बाईची, हा बर्गंडी प्रांतातला जुना रिवाज. म्हणून त्यानं बेर्निएला घरजावई करून आणलं, आणि उतार जावयाच्या नावानं कसायला गेला.

सहा वर्षांमागे द्राक्षांच्या घाण्याची तुळई बेर्निएच्या उजव्या हातावर आली. जखम भरली, वरून अंगठा धडधाकट, आतून मेलेला. तेव्हापासून नवराबायको जोडीनं मळ्यात जात. ती छाटायची, तो मोळ्या बांधायचा, आणि पाऊलवाटेवर कोणाची चाहूल लागली की दोघं हातातली कामं बदलायची. यावर घरात कधी एक शब्द निघाला नव्हता. पंचक्रोशीत मात्र ‘बेर्निएचा हात’ म्हणून नाव झालं होतं.

त्या नावानंच घात केला. मठाच्या नव्या चर्चच्या दारावर बारा महिन्यांची बारा कामं दगडात कोरायची होती. जूनचा गवत कापणारा झाला, नोव्हेंबरचा डुकरांसाठी ओकची फळं झोडपणारा झाला, फेब्रुवारीचा तर शेकोटीपाशी पाय पसरून मजेत बसला. राहिला मार्च, वेल छाटणारा. तिबो पाथरवटाला डोळ्यांसमोर खराखुरा छाटणारा हवा होता, आणि मळ्यांचा कारभार पाहणाऱ्या फादर ओजेंनी बेर्निएला धाडलं. चार दिवसांचं काम, म्हणाले. आज तेरावा दिवस होता.

तेरा दिवस बेर्निए दगडापुढे उकिडवा बसला होता, आणि खरा मार्च तिकडे उतारावरून फुकट वाहून चालला होता. नवरा चर्चच्या अंगणात आहे हे गावाला दिसत होतं. मग उतारावर छाटलेली वेल दिसली असती, तर ती कोणी छाटली म्हणून सांगायचं? रिशिल्द रोज मळ्यात जायची आणि रिकाम्या हातांनी परतायची. शेजारच्या मळ्यात छाटणी उरकून मोळ्यासुद्धा घरी गेल्या. हिच्या वेलींचे डोळे फुगून लोकरीसारखे झाले होते. काल राहवलं नाही म्हणून तिनं नखानं एक शेंडा खुडला, तर टपकन पाणी आलं; वेलीत रस चढला होता. आणखी आठवडाभर हे असंच चाललं, तर सगळा उतार रानात जमा.

शेजारीण गिबूर बांधावरून म्हणाली, “काय गं, तुमची वेल दगडाची व्हायची वाट बघताय होय?”

रिशिल्द कसंनुसं हसली. घरी येऊन वाटाण्याचं कालवण तिनं इतक्या रागानं ढवळलं की निम्मं चुलीत गेलं.

जेवताना तिनं विषय काढला. ताप आलाय म्हणून सांगा, म्हणाली. त्यावर तो म्हणाला, फादर वैद्य धाडतील. कंबर धरलीय म्हणून सांगा. तर म्हणे, तिबो मिस्त्री मला खाटेसकट उचलून नेईल. “मग मी सांगते खरं काय ते,” ती म्हणाली. त्यानं चमचा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त संताप आला. वेल तिनं छाटायची, नाव त्याचं व्हायचं, आणि आता उतार जायची वेळ आली तरी तोंड तिनंच बंद ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जवाचा पाव घेऊन अंगणात गेली. दगडातला माणूस जवळजवळ झाला होता. दाढी तर अशी हुबेहूब, की येणारीजाणारी बोट लावून बघत. अडलं होतं ते उजव्या हातावर. एक दगड त्यापायी आधीच वाया गेला होता, आणि तिबोचा धीर सुटत आला होता.

“हा हात आहे का ताटातला मेलेला मासा?” तो म्हणत होता. “चौदा दिवस बघतोय, अंगठा कोयतीवर बसतच नाही. ही काडी आणलीय मळ्यातून, तेवढी कापून दाखव. एकदाच.”

तेवढ्यात फादर ओजे आले. झग्याला खालून चिखल लागला होता, म्हणजे उतार पाहूनच आले होते. ते ओरडले नाहीत. उद्यापासून उतार गिबूरच्या नवऱ्याकडे द्यावा लागेल, एवढंच शांतपणे म्हणाले.

बेर्निएनं काडी धरली, कोयती लावली. ती घसरली आणि दगडांच्या कपच्यांत जाऊन पडली.

रिशिल्दनं पाव खाली ठेवला आणि कोयती उचलली. त्याला परत द्यायचीच तिच्या मनात होती. पण बोटं आपसूक मुठीवर बसली, अंगठा पात्याच्या पाठीवर गेला, डाव्या हातानं काडी वाकवली. एक डोळा, दोन डोळे. तिसऱ्याच्या खाली तिरका काप. काडी खुटकन तुटली.

तिबो कोळशाचा तुकडा घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिचा अंगठा बघत राहिला. “हलू नको, वहिनी,” तो हळूच म्हणाला.

“ही काय थट्टा आहे?” फादर ओजेंनी विचारलं.

तिच्या जिभेवर थाप तयार होती. लहानपणी बापानं गंमत म्हणून एकदा शिकवलं, एवढंच म्हणायचं होतं. पण बेर्निए उठून उभा राहिला. त्यानं उजवा हात पुढे केला आणि तो मेलेला अंगठा डाव्या हातानं मागे वाकवून सगळ्यांना दाखवला.

“थट्टा नाही, फादर. सहा वर्षं झाली, या हातानं मी एक काडी कापलेली नाही. सगळा उतार हीच छाटते. मला सांगायची लाज वाटत होती. हिच्यापाशीसुद्धा कधी बोललो नाही. दाढी माझी राहू द्या, मिस्त्री. हात हिचा घ्या.”